बाळंतपणात काही चुकलं असं वाटतं, तेव्हा

बाळंतपणात आईला किंवा बाळाला इजा झाली की घरच्यांना पडणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. डॉक्टरांवर केस करता येते का? पोलिसांत जायचं की ग्राहक आयोगात? सरकारी दवाखान्यावर दावा चालतो का? फाइल मागितली तर देतील का? आणि बरंच उशिरा विचारला जाणारा प्रश्न: दोन-तीन वर्षं होऊन गेली, आता काही करता येईल का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत जड जातो, कारण तोपर्यंत कागद हरवलेले असतात आणि मुदतही संपलेली किंवा संपत आलेली असते. घरातल्या कुणाचाच यात दोष नसतो. बाळ पेटीत आहे, आईचे टाके ओले आहेत, बिल वाढतंय, अशा दिवसांत कायद्याचा विचार सुचत नाही. नंतर 'बाळ हळूहळू सुधारेल' या आशेवर वर्ष निघून जातं. म्हणून केस करायची की नाही हे आत्ता ठरवू नका. ठरवण्याची संधी मात्र हातची जाऊ देऊ नका. त्यासाठी पुढचं वाचा.

पहिलं काम: सगळी फाइल मागा

डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाइल नव्हे. ते दीड पानाचं असतं आणि सगळं झाल्यावर लिहिलेलं असतं. तुम्हाला लागतात ते आतले केसपेपर. ते मिळणं हा तुमचा हक्क आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकानं मागणी केल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. मुंबई उच्च न्यायालयानंही 1996 मध्येच सांगितलं आहे की गोपनीयतेचं कारण देऊन रुग्णाला किंवा जवळच्या नातेवाइकांना केसपेपर नाकारता येत नाहीत. झेरॉक्सचा खर्च दवाखाना घेऊ शकतो, तेवढा द्या.

त्याच नियमांत दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपण्याचं बंधन आहे. त्यानंतर 'नष्ट केले' असं उत्तर मिळालं तर फारसं काही करता येत नाही.

अर्ज लेखी द्या, एका प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टानं किंवा ईमेलनं पाठवा. दवाखाना सरकारी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. 'संपूर्ण केसपेपर द्यावेत' एवढंच लिहून थांबू नका, प्रत्येक कागदाचं नाव लिहा:

- गरोदरपणातल्या तपासण्यांची फाइल, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड
- दाखल करतानाची नोंद: वेळ, पिशवीचं तोंड किती उघडलं होतं, पाणी गेलं होतं का, त्याचा रंग
- पार्टोग्राफ, म्हणजे कळा सुरू झाल्यावर प्रसूती कशी पुढे सरकते याचा तक्ता
- बाळाच्या ठोक्यांच्या नोंदी आणि एनएसटीच्या (ठोक्यांचा आलेख काढणाऱ्या तपासणीच्या) पट्ट्या
- कळांचं इंजेक्शन किंवा सलाइन कधी सुरू केलं, किती थेंबांनी, कधी थांबवलं
- सिझरचा निर्णय किती वाजता झाला आणि बाळ किती वाजता बाहेर आलं
- संमतीपत्रं, भुलीच्या आणि शस्त्रक्रियेच्या नोंदी, नर्सची नोंदवही
- बाळ रडलं का, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा अपगार (जन्मलेल्या बाळाच्या स्थितीला दिलेले गुण), ऑक्सिजन किंवा पंप लागला का
- एनआयसीयूचे (नवजात अतिदक्षता विभागाचे) सगळे कागद, एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट

एनएसटीची पट्टी उष्णतेनं छापल्या जाणाऱ्या कागदावर असते आणि काही महिन्यांत पुसट होते. हातात पडताच तिचा स्वच्छ फोटो काढा.

याखेरीज तुमच्याकडचा पुरावाही जपा. औषधांच्या बिलांवर तारीख आणि बहुधा वेळही असते, त्यामुळे कळांचं औषध तुमच्याकडून कधी आणवलं हे त्यावरून कळू शकतं. डॉक्टरांना किंवा दवाखान्याला केलेल्या फोनची यादी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, 108 ला फोन केल्याची वेळ, हे सगळं ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, ते राखून ठेवण्याची लेखी विनंती लगेच करा. आणि घरात जे कुणी त्या रात्री हजर होते, त्या प्रत्येकानं आपापल्या शब्दांत घडलेलं लिहून तारीख टाकून ठेवावं. सासूबाईंनी किती वेळा नर्सला बोलावलं, हे सहा महिन्यांनी नेमकं आठवत नाही.

आई किंवा बाळ दगावलं असेल तर

हे लिहिणंही जड जातं, पण सांगितलं पाहिजे: शवविच्छेदन करून घ्या. अशा वेळी वडीलधारी माणसं 'आता कशाला चिरफाड' म्हणतात, त्यांची भावना खरी असते. पण मृत्यूचं कारण नेमकं काय, हे नंतर सांगण्याचा दुसरा तितका भक्कम मार्ग नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन सरकारी रुग्णालयात शवविच्छेदनाची आणि त्याच्या चित्रीकरणाची मागणी करा. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्रातल्या नर्सिंग होम नोंदणीच्या 2021 च्या सुधारित नियमांनी हे स्पष्ट केलं आहे. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणंही त्यांत बंधनकारक आहे.

कायदा चूक कशाला म्हणतो

वाईट परिणाम झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं न्यायालय मानत नाही. त्याच शाखेचा सामान्य कुशलतेचा डॉक्टर त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतली गेली की नाही, एवढंच पाहिलं जातं. या कसोटीचा पाया एका महाराष्ट्रातल्या प्रकरणानं घातला. 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर पडून एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं, पुण्यातल्या उपचारांत तो दगावला, आणि 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांची तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी. आजही निकालांत हीच त्रिसूत्री वाचायला मिळते.

प्रसूतीच्या बाबतीत हे समजून घेणं फार गरजेचं आहे. बाळाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) झाली की 'जन्मताना ऑक्सिजन कमी पडला, डॉक्टरांनी घात केला' असं धरलं जातं. प्रत्यक्षात या आजाराची बरीच कारणं गरोदरपणातली असतात: संसर्ग, मेंदूची घडण, कमी दिवसांचा जन्म. उलट 'हे नशिबाचे भोग' म्हणून सोडून दिलेल्या काही घटनांत सरळ चूक असते. डॉक्टरांशी बोलण्याआधी फाइलमध्ये या गोष्टी शोधा:

- ठोके बिघडल्याची किंवा पाणी हिरवट असल्याची नोंद झाल्यावरही तासन्‌तास काहीच केलेलं नाही.
- कळांचं सलाइन चालू आहे, पण ठोके तपासल्याच्या नोंदी नाहीत.
- सिझर ठरलं, पण भूलतज्ज्ञ किंवा रक्त नाही म्हणून खोळंबा झाला, आणि वेळेत दुसरीकडे पाठवलंही नाही.
- बाळाचा खांदा अडकला, जोरानं ओढलं गेलं आणि एक हात लुळा पडला.
- कावीळ वाढत असताना रक्त तपासलंच नाही.
- कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासायला सांगितलंच नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण अंधत्व यात टाळता येतं. 34 आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल तर जन्मापासून महिन्याभरात रेटिनातज्ज्ञाकडून तपासणी व्हायला हवी, फारच लहान बाळांची त्याहूनही आधी. चेन्नईच्या एग्मोर इथल्या सरकारी रुग्णालयात 1996 मध्ये 29 व्या आठवड्यात जन्मलेल्या एका मुलीची ही तपासणी झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं पाच लाख रुपये दिले होते. सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये, आयुष्यभराचा खर्च आणि महागाई धरून, ती रक्कम सुमारे 1 कोटी 80 लाखांवर नेली. तुमचं बाळ आत्ता एनआयसीयूत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डोळ्यांच्या तपासणीची तारीख विचारा.

तज्ज्ञाचं मत कसं घ्यावं

फाइल घेऊन दुसऱ्या गावातल्या ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटा. बाळाचा प्रश्न असेल तर नवजात शिशुतज्ज्ञ किंवा बालमेंदुविकारतज्ज्ञालाही दाखवा. त्याच गावातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहून देत नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक आहे. वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक पुष्कळदा मोकळेपणानं बोलतात. 'चूक आहे ना?' असं विचारू नका, समोरचा माणूस लगेच सावध होतो. 'रात्री दोन वाजता ही नोंद आहे. त्या वेळी काय करायला हवं होतं?' असं विचारा.

लेखी मत मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तरी दार बंद होत नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा पुरावा लागतोच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सांगितलं आहे. पोटात कापड राहिलं, अशा ठिकाणी गोष्ट आपणच बोलते. अन्यथा फाइल सरकारी महाविद्यालयातल्या तज्ज्ञांकडे पाठवा अशी विनंती तुम्ही ग्राहक आयोगाला करू शकता.

कुठे जायचं, हे काय हवंय यावर ठरतं

एकाच वेळी चारही ठिकाणी धावाधाव करणारी कुटुंबं थकून जातात. आधी स्वतःला विचारा: भरपाई हवी आहे, डॉक्टरांवर कारवाई हवी आहे, की शिक्षा?

ग्राहक आयोग. भरपाई हवी असेल तर माझ्या मते बहुतेकांसाठी हाच रस्ता आहे. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. 2019 च्या नव्या कायद्यातही तेच चालू आहे. काही गोष्टी लोकांना माहीत नसतात:

- कोणत्या आयोगात जायचं हे तुम्ही दवाखान्याला किती पैसे दिले यावर ठरतं, किती भरपाई मागता यावर नाही. दिलेले पैसे 50 लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोग. म्हणजे मागणी कोटीची असली तरी बाळंतपणाची जवळपास सगळी प्रकरणं जिल्ह्यातच चालतात.
- दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.
- प्रसूती पुण्यात झाली आणि तुम्ही लातूरला राहता, तर लातूरला तक्रार करता येते.
- बिल विमा कंपनीनं भरलं असलं तरी तुम्ही ग्राहकच आहात.
- बाळ आणि आईवडील दोघेही तक्रारदार होऊ शकतात. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे मान्य केलं आहे, त्यामुळे बाळाच्या नावानं वेगळी आणि पालकांच्या मनस्तापासाठी वेगळी भरपाई मागा.
- 'ते डॉक्टर आमचे नाहीत, बाहेरून येतात' असं दवाखाना म्हणेल. रुग्णालयाची जबाबदारी त्यानं टळत नाही, असा 2004 चा निकाल आहे. तक्रारीत डॉक्टरांसोबत रुग्णालयालाही पक्षकार करा.

वकील सक्तीचा नाही, पण प्रसूतीच्या प्रकरणात घ्या, आणि वैद्यकीय प्रकरणं चालवलेला घ्या. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात वर्षं लागतात, आणि त्यानंतर अपील असतं. ही तयारी ठेवूनच उतरा.

मेडिकल कौन्सिल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, गोव्यात असाल तर गोवा मेडिकल कौन्सिलकडे, डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल तक्रार करता येते. ताकीद मिळू शकते, काही काळासाठी किंवा कायमचं नोंदणीवरून नाव काढलं जाऊ शकतं. पैसे मिळत नाहीत. डॉक्टर होमिओपॅथीचे किंवा आयुर्वेदाचे असतील तर त्यांची परिषद वेगळी असते. म्हणून दाराबाहेरच्या पाटीवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहून घ्या.

पोलीस. इथे सगळ्यांत जास्त अपेक्षाभंग होतो. जेकब मॅथ्यू प्रकरणात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा होण्यासाठी निष्काळजीपणा अतिशय ढोबळ, गंभीर असायला हवा, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरांचं मत घ्यावं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. दारू पिऊन शस्त्रक्रिया, बनावट पदवी, रुग्णाला सोडून निघून जाणं अशा गोष्टी असतील तर जरूर जा. एरवी पोलिसांनी ज्यांचं मत घेतलं त्या डॉक्टरांचा अहवाल 'निष्काळजीपणा नाही' असा आला तर तोच कागद समोरची बाजू ग्राहक आयोगात दाखवते.

दिवाणी न्यायालय. मोफत उपचार झाले असतील तर बऱ्याचदा हाच मार्ग उरतो. त्याकडे आता वळू.

सरकारी दवाखान्यात घडलं असेल तर

जिथे सगळ्यांनाच सगळं मोफत मिळतं, तिथली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. ज्या रुग्णालयात काही रुग्ण पैसे भरतात, तिथे मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. ग्राहक कायदा लागू नसला तरी शासन जबाबदारीतून सुटत नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 मध्ये बाळंतपणानंतरच्या नसबंदीच्या वेळी बाईच्या पोटात कापड राहिलं आणि ती काही दिवसांत दगावली. सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये राज्य शासनाला जबाबदार धरलं. तोवर 33 वर्षं गेली होती, हेही तुमच्यापासून लपवायला नको.

शासनावर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. आणि सरकारी दवाखान्यात सिझरसह बाळंतपण, औषधं, तपासण्या, जेवण, येण्याजाण्याची गाडी, तसंच आजारी तान्ह्या बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. कुणी पैसे घेतले असतील तर ती वेगळी तक्रार आहे.

मुदत

ग्राहक आयोगासाठी दोन वर्षं. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर आयोग तो माफ करू शकतो, पण ती खात्री नव्हे. 'चूक मला उशिरा कळली' हा मुद्दा चालतो, त्यालाही मर्यादा आहे. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेची 1993 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, दुखणं थांबेना, 2002 मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत आत राहिलेला गॉज निघाला. 2004 मध्ये केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयानं मुदतबाह्य ठरवली: इतकी वर्षं त्रास होत होता तर तपासून घ्यायला हवं होतं.

म्हणून बाळाचं निदान दीड वर्षानं झालं असलं तरी दोन वर्षं जन्मतारखेपासूनच मोजा. 'मूल अज्ञान आहे, अठरा वर्षांपर्यंत वेळ आहे' असं कुणी सांगेल. दिवाणी दाव्यात अज्ञान मुलाला तशी सवलत असते, पण तोपर्यंत केसपेपर असतील का, आणि साक्ष कोण देईल?

सही करण्यापूर्वी

- 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून दिल्यास बिल माफ करू, असा प्रस्ताव आला तर त्याच दिवशी सही करू नका.
- 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे' या कागदावर सही करावी लागलीच, तर तिथेच एक ओळ लिहा: 'इथे सोय नसल्याचे सांगितल्यामुळे नेत आहोत', तेच खरं असेल तर.
- कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका. एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही, असा 2008 चा निकाल आहे. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीनं पिशवी काढावी लागली तर गोष्ट वेगळी, पण न विचारता केलेल्या नसबंदीला तातडी म्हणता येत नाही.
- तोडफोड, मारहाण कुणालाही करू देऊ नका. महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्यानं हा अजामीनपात्र गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, वर नुकसानीच्या दुप्पट रक्कम. बाळाच्या वडिलांना स्वतःच्या जामिनासाठी फिरावं लागलं तर बाळाकडे कोण पाहणार?

किती मागायचं

मोठा आकडा लिहिल्यानं मोठी रक्कम मिळत नाही, हिशेब मांडल्यानं मिळते. झालेला खर्च बिलांसह दाखवा. मग पुढचा: फिजिओथेरपी महिन्याला किती, चाकाची खुर्ची किती वर्षांनी बदलावी लागेल, काळजी घेणाऱ्या बाईचा पगार, विशेष शाळा, आईनं सोडलेली नोकरी. आईचा पगार मागायला घरचे संकोचतात. संकोचू नका, तो खरा तोटा आहे.

केसची वाट न पाहता

निकाल येईल तेव्हा येईल, बाळाच्या मेंदूची पहिली वर्षं थांबत नाहीत. जिल्हा रुग्णालयातल्या लवकर निदान व उपचार केंद्रात बाळाची नोंद करा, तिथली थेरपी मोफत असते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. यातलं काहीही घेतल्यानं तुमचा दावा कमकुवत होत नाही, उलट बाळाच्या गरजांचा सरकारी पुरावा तयार होतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबला असाल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. स्त्रिया, मुलं आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.